ताटाचा अभ्यास कुणाच्या पैशावर?

'रोज अमुक खा, संशोधनाने सिद्ध झालंय!' अशी रील तुम्ही या आठवड्यात एकदा तरी पाहिलीच असेल. जिमच्या ग्रुपवर प्रोटीन पावडर, घरच्या ग्रुपवर तूप. दोन्हीकडे 'संशोधन' हा शब्द हमखास असतो. पण त्या संशोधनाचा खर्च कुणी उचलला, हे कधी विचारलंत? विचारायला हवं. कारण आहारावरचं संशोधन फुकटात होत नाही आणि पैसे कोण देतो यावर बरंच काही ठरतं.

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. १९६७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नावाजलेल्या नियतकालिकात हार्वर्ड विद्यापीठातल्या आहारतज्ज्ञांचा लेख आला. हृदयविकाराचं खापर त्यात चरबीवर फुटलं, साखर मात्र सहीसलामत सुटली. तब्बल ४९ वर्षांनी, २०१६ मध्ये, जुन्या पत्रव्यवहारातून कळलं की या कामासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते. लेखाचा हेतूही तिनेच सुचवला होता आणि मसुदे आधी वाचले होते. छापलेल्या लेखात यातलं काहीच नव्हतं. तसा नियमच तेव्हा नव्हता.

मग पैसा घ्यायचाच नाही का? तसंही नाही. आपल्या पुण्याचीच गोष्ट आहे. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधले संशोधक सोबत होते. बाया गरोदर राहण्याआधीपासून त्यांची मोजमापं घेतली, मग गरोदरपणातला आहार, मग बाळ. या कामाला पैसे दिले ते वेलकम ट्रस्टने. औषधांच्या धंद्यात कमावलेल्या हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रातून १९३६ मध्ये उभा राहिलेला हा न्यास.

त्यातून काय कळलं? इथली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोच्या आसपास. पण आपली बाळं हाडामांसाने बारीक असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं अंगाने मोठी निघाली. मुलं सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. पुढे हीच मुलं वयात आल्यावर त्यांना बी-१२ देऊन बघण्याची चाचणी सुरू झाली, म्हणजे त्यांच्या पुढच्या पिढीचा पाया आधीच भक्कम करता येतो का ते पाहायला.

हिशेब करा. बाळ जन्मायच्या आधीपासून ते वयात येईपर्यंत! तीन महिन्यांनी नफा-तोटा मांडणारी कुठली कंपनी एवढं थांबेल? सरकारी अनुदानही बहुतेकदा ठरावीक वर्षांचंच. असं लांबलचक काम तगवायला धीराचा पैसा लागतो, आणि तो देणगीतून येऊ शकतो.

'आधी भुकेल्याला जेवण द्या, संशोधन नंतर बघू,' असं कुणी म्हणेल. म्हणणं चुकीचं नाही. पण काय द्यायचं आणि कधी द्यायचं, हे तरी कुठे नीट माहीत असतं? मुंबईच्या वस्त्यांमध्ये साडेसहा हजारांच्या घरात बायांवर एक चाचणी झाली. काहींना गरोदर राहण्याआधीपासून पालेभाज्या, फळं, दुधाचा खाऊ, तर काहींना बटाटा, कांदा अशा भाज्यांचा. यालाही मुख्यतः न्यासांचाच हातभार होता. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण गरोदरपणातला मधुमेह एका गटात १२.४ टक्के, तर पालेभाज्यांवाल्या गटात ७.३ टक्के. अपेक्षा पुरी झाली नाही तेही छापलं, अनपेक्षित सापडलं तेही छापलं. खाऊ विकणाऱ्याने पैसे दिले असते, तर पहिलं वाक्य इतक्या सहज छापून आलं असतं का?

आपल्याकडे देणाऱ्यांची कमी नाही. अन्नदानाला पावती फाडायला रांग लागते. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला की वॉटर कूलर येतो, बाक येतात, त्यावर बॅचचं नाव येतं. चांगलंच आहे. पण विद्यापीठाच्या आहारशास्त्र विभागातल्या एखाद्या संशोधक विद्यार्थिनीला चार वर्षं फेलोशिप द्यावी, असं किती बॅचना सुचतं? त्यावर पाटी लावता येत नाही ना!

दान द्यायचं तर तीन अटी मात्र हव्यात. प्रश्न संशोधकाने ठरवायचा. निष्कर्ष देणगीदाराला आवडो न आवडो, तो छापायचा. आणि पैसे कुणाचे, हे उघड सांगायचं. या अटी मान्य नसतील तर ती देणगी नाही, जाहिरातच.

हा विषय पोक्त माणसांचा वाटला तरी तो तुमचाच आहे. पुढच्या पिढीची तब्येत आईवडील होण्याआधीच्या ताटावरही ठरते, असं हे अभ्यास सुचवतात, आणि त्या वयात आज तुम्ही आहात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'संशोधन सांगतं' म्हणालं, तर मूळ शोधनिबंध उघडा आणि शेवटी जा. पैसे कुणी दिले ते तिथे एका ओळीत असतं. ती ओळ सापडली नाही, तर मेसेज पुढे ढकलू नका. आणि उद्या तुमची बॅच कॉलेजला काय द्यायचं यावर बसेल, तेव्हा वॉटर कूलरच्या यादीत फेलोशिपचंही नाव घाला.