खबरदारीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

मार्च २०२१ च्या २३, २६ आणि २८ या तारखांना मावळ तालुक्यातील गहुंजे येथे भारत आणि इंग्लंड यांच्यात तीन एकदिवसीय सामने झाले. पहिला भारताने ६६ धावांनी जिंकला, दुसरा इंग्लंडने सहा गडी राखून, आणि तिसरा भारताने अवघ्या सात धावांनी. क्रिकेटरसिकांना यापेक्षा रंगतदार मालिका मागता आली नसती. मात्र प्रत्यक्ष मैदानात बसून ती पाहणारा प्रेक्षक एकही नव्हता. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याशी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षांची चर्चा झाल्यानंतर २७ फेब्रुवारीलाच तसे जाहीर झाले होते. एका हौशी चाहत्याने जवळच्या टेकडीवर चढून तिथून तिरंगा फडकवला, त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली.

त्याच दिवसांत गहुंज्यापासून फार दूर नसलेल्या वराळे, आंबी, तळेगाव दाभाडे या परिसरातील महाविद्यालयांची मैदाने ओस पडली होती. १५ फेब्रुवारीपासून राज्यातील महाविद्यालये ५० टक्के उपस्थितीत सुरू करण्याचा निर्णय झाला होता. जेमतेम आठवडा उलटतो तोच रुग्णसंख्या वाढू लागली, पुणे जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालये २८ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि नंतर ही मुदत लांबतच गेली. सक्रिय रुग्णांच्या संख्येत पुणे जिल्हा तेव्हा देशात अग्रस्थानी होता. गहुंज्याचा तिसरा सामना ज्या २८ मार्चला झाला, त्याच दिवसापासून राज्यात रात्रीच्या जमावबंदीचे निर्बंध लागू झाले.

एका तालुक्यात, एकाच आठवड्यात, एका मैदानावर खेळ चालू आणि दुसऱ्यावर बंद, हे दृश्य अनेकांना खटकले. आज त्या प्रसंगाकडे थोड्या अंतरावरून पाहता येते, म्हणून हा हिशेब मांडणे उचित ठरेल.

प्रेक्षकांना मज्जाव करण्याचा निर्णय योग्य होता, याविषयी फारसे दुमत असू नये. अहमदाबादला त्याच इंग्लंड संघाविरुद्धचे पहिले दोन टी-ट्वेंटी सामने प्रेक्षकांसह झाले आणि १६ मार्चपासून उरलेले तीन रिकाम्या मैदानावर खेळवावे लागले. रायपूरला माजी खेळाडूंची स्पर्धा प्रेक्षकांच्या उपस्थितीत झाली. ती आटोपल्यावर आठवडाभरातच सचिन तेंडुलकर यांच्यासह तिथे खेळलेले काही खेळाडू बाधित झाले. गहुंज्याने हा धडा आधीच गिरवला होता, एवढे श्रेय संबंधितांना द्यायलाच हवे.

प्रश्न त्यापुढचा आहे. गहुंज्यात खेळ सुरू राहू शकला, कारण तिथे खबरदारीचा खर्च सोसणारे कोणी तरी होते. खेळाडूंना हॉटेलात इतरांपासून वेगळे ठेवणे, वारंवार तपासण्या करणे, स्वतंत्र वाहनांची सोय करणे, हे सारे पैशाने विकत घेता आले. प्रेक्षकांच्या तिकिटांवर पाणी सोडले तरी दूरचित्रवाणीचे उत्पन्न शाबूत होते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर जोखमीसाठी पुरेशी तरतूद करण्याची ऐपत असणाऱ्यालाच व्यवहार करण्याची मुभा मिळाली. वराळ्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघासाठी ही तरतूद कोणी करायची? क्रीडाशिक्षकाने? प्राचार्यांनी?

प्राचार्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांच्यावर अकारण भित्रेपणाचा ठपका ठेवणे सोपे आहे. महाविद्यालयाचा खेळाडू हॉटेलात राहत नाही. तो सरावानंतर घरी जातो, आणि मावळातल्या घरात बहुधा आजी-आजोबा असतात. कबड्डी आणि कुस्ती हे तर अंगाला अंग भिडवण्याचे खेळ. मैदानावर एखादा मुलगा बाधित झाला आणि त्याच्या घरी अनर्थ ओढवला, तर उत्तर कोणी द्यायचे? शिवाय लोणावळा-पुणे लोकल सामान्य प्रवाशांसाठी दीर्घकाळ बंद होती. मैदान उघडले असते तरी कामशेत, मळवलीच्या मुलांनी तिथे पोहोचायचे कसे, हा साधा प्रश्नही सुटलेला नव्हता.

तरीही एक गोष्ट उरतेच. धावणे, लांब उडी, नेमबाजी, बॅडमिंटन हे प्रकार कुस्तीइतके धोक्याचे नव्हते. मोकळ्या मैदानावर अंतर राखून धावणाऱ्या मुलीला आणि तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाला एकाच आदेशाने घरी बसवण्यात प्रशासनाची सोय होती, त्यामागे विचार कमी होता. खेळागणिक वेगळी नियमावली करता आली असती. पण तशी मागणी लावून धरणारा आवाजच नव्हता. परीक्षांच्या बाबतीत तो होता. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही यावरून २०२० च्या उन्हाळ्यात राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग समोरासमोर उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निकाल लागला: राज्याला परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, परंतु परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेतले गेले. खेळाच्या मैदानासाठी अशी सुनावणी झालीच नाही.

अशी सुनावणी झाली की काय घडते, याचे एक उदाहरण या मासिकाच्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच ऑगस्ट महिन्यात पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांसाठी मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन जिनमंदिरे उघडण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने दिली. राज्य सरकारचा त्याला विरोध होता. आर्थिक व्यवहारांसाठी जोखीम पत्करली जाते आणि मंदिरांचा विषय निघताच साथीचे कारण पुढे केले जाते, याबद्दल सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी आश्चर्य व्यक्त केले होते. न्यायालयाने सरसकट दारे उघडली नाहीत. एका वेळी पाच, दिवसभरात अडीचशे, अशी मर्यादा घातली. आपल्या समाजातही तेव्हा या विषयावर एकमत नव्हते. कित्येक कुटुंबांनी घरीच आराधना करणे पसंत केले. पण मर्यादेसह परवानगी हा मधला मार्ग त्या निर्णयाने दाखवला, आणि महाविद्यालयीन खेळांना तो कोणी देऊ केला नाही.

अमेरिकेत हाच वाद उघड्यावर, चांगलाच कडाक्याने झाला. तिथल्या विद्यापीठांचे फुटबॉल म्हणजे मोठा व्यवसाय असतो, हे आधी सांगितले पाहिजे. ‘बिग टेन’ या विद्यापीठ संघटनेने ११ ऑगस्ट २०२० रोजी हंगाम पुढे ढकलला. नेब्रास्का विद्यापीठाच्या आठ खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली. ओहायो स्टेटचा खेळाडू जस्टिन फील्ड्स याच्या विनंतीपत्रावर लाखांहून अधिक सह्या जमल्या. राष्ट्राध्यक्षही वादात उतरले. उलट पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या खेळाडूंचा एक गट सुरक्षिततेची हमी मिळाल्याशिवाय खेळणार नाही, असे जाहीरपणे म्हणत होता. अखेर १६ सप्टेंबरला ‘बिग टेन’ने रोजच्या तपासणीची अट घालून निर्णय फिरवला. यात पैशाचे दडपण किती आणि वैद्यकीय विचार किती, यावर तिथेही शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्तच होत्या. पण त्या गदारोळात एक शहाणपणाचा निर्णय झाला. साथीत वाया गेलेल्या हंगामाच्या बदल्यात विद्यार्थी-खेळाडूंना खेळण्यासाठी एक वर्ष वाढवून देण्यात आले.

आपल्याकडे भरपाईचा विचार झाला, तो वरच्या पायरीवर. जानेवारी २०२१ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने रणजी करंडक स्पर्धा रद्द केली. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. नंतर, सप्टेंबरमध्ये, मागील हंगामात खेळलेल्या देशांतर्गत क्रिकेटपटूंना सामना-मानधनाच्या ५० टक्के भरपाई जाहीर झाली. मे महिन्यात आयपीएल मध्येच थांबली, तीही पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अरब अमिरातीत पूर्ण झाली. म्हणजे ज्यांचे नुकसान रुपयांत मोजता येते त्यांचे मोजले गेले.

महाविद्यालयीन खेळाडूचे नुकसान मात्र वयात मोजावे लागते. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते, आणि पदवीची वर्षे तीन किंवा चारच. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रासाठी स्पर्धा. गावाकडच्या मुलामुलींसाठी मैदान हा अनेकदा पोलीस भरतीचा, रेल्वेचा किंवा बँकेच्या क्रीडा कोट्याचा रस्ता असतो. दोन वर्षे हा रस्ता बंद राहिला, तर त्यांच्या खात्यावर जी तूट पडते तिची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही.

कुस्तीचे पाहा. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, हर्षवर्धन सदगीर विजेता ठरला. पुढची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात. ऐन उमेदीच्या मल्लाला सव्वादोन वर्षे म्हणजे काय, हे तालमीतला वस्तादच सांगू शकेल. खुराकाचा खर्च मधल्या काळातही चालूच होता.

विद्यापीठांचेही तसेच. पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडास्पर्धा साथीच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये भुवनेश्वरला झाल्या. पंजाब विद्यापीठ पहिले आले आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने दुसरे स्थान मिळवले. वराळे, तळेगावची कित्येक महाविद्यालये याच विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. त्या यशाने नव्या खेळाडूंची मने उभारली असतील यात नवल नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत मैदाने बंद झाली. महाविद्यालयांचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले, तेही लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही आठवडे बंद राहिले. पुढची ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा बंगळुरू येथे भरली, तो दिवस होता २४ एप्रिल २०२२. भुवनेश्वरच्या वेळी पदवीच्या दुसऱ्या वर्षात असलेला विद्यार्थी तोवर पदवी घेऊन बाहेर पडला होता.