लेथवर नेण्याआधी

पावसाळा सरला की या सदराकडे दरवर्षी एकाच तऱ्हेची विचारणा येते: रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या भरकटतायत, काय करू? विचारणारे बहुतेक आपल्याच पट्ट्यातले, वसई ते विरार. कुणी सराफ, कुणी पेट्रोलपंपवाले, कुणी फौजेतून निवृत्त झालेले. हत्यार बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, .३२ बोअरचं, वेब्लीच्या जुन्या आराखड्यावर बेतलेलं, मधोमध मोडून भरायचं. आणि प्रश्नापाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: वालीवला ओळखीचा लेथवाला आहे, हात फार साफ आहे त्याचा.

त्या लेथवाल्याच्या हाताबद्दल मला जराही शंका नाही. वालीव, सातिवली, गोलानीच्या गाळ्यांत बारीक मापाचं काम रोज होतं. पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे हत्यार बाळगण्याचा परवाना आहे, म्हणून त्या कारागिराला ते उघडता येत नाही. उपकार करायला जाऊन तो गुन्ह्यात अडकेल, सोबत तुम्हीही. शिवाय कानशीने एकदा घासलेलं लोखंड परत येत नाही. या .३२ ची पुढची माशी पक्की असते, फिरवायला स्क्रू नसतो. गोळ्या खाली लागतात म्हणून माशी घासली तर त्या वर सरकतात, हे खरं. पण त्या खाली लागत होत्या तुमच्या बोटामुळे, तर? पुढे सराव करून बोट सुधारलं की त्याच हत्याराच्या गोळ्या वर जाऊ लागणार, आणि मग घासलेली माशी कुठून आणणार?

म्हणून पहिली तपासणी माणसाची. त्यासाठी रिव्हॉल्व्हरइतकं सोयीचं हत्यार दुसरं नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर हा प्रयोग मी अनेकांना करायला लावला आहे. प्रशिक्षकाने सहापैकी तीन-चार चेंबरांत जिवंत काडतुसं घालायची, उरलेल्यांत झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या. सिलिंडर फिरवून बंद करायचा आणि हत्यार नेमबाजाच्या हाती द्यायचं. कुठल्या दाबाला बार उडेल, हे त्याला ठाऊक नसतं. आता टार्गेट सोडा आणि नळीच्या टोकाकडे बघा. हॅमर रिकाम्या पुंगळीवर पडतो, नुसता टक् असा आवाज होतो, आणि नळी बोटभर खाली जाते. धक्का बसलेलाच नसतो. मनगटाने तो आधीच गृहीत धरलेला असतो. वर्षानुवर्षं बंदूक बाळगणारी माणसं हे बघून गप्प होतात. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जमतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

याला औषध सरावाचं. प्रत्येक चेंबर स्वतः बघून हत्यार रिकामं असल्याची खात्री करायची, खोलीत काडतूस ठेवायचं नाही, नळी कायम सुरक्षित दिशेला, आणि झाडल्याविना ट्रिगर दाबत राहायचं. हॅमरखाली डमी काडतूस घातलं तर फायरिंग पिनही जपली जाते. एक फरक मात्र रेंजवरच बघून घ्या. हॅमर हाताने मागे ओढून झाडलेल्या पाच गोळ्या एकत्र बसतात आणि नुसता ट्रिगर ओढून झाडलेल्या विखुरतात, तर दोष नळीत नाही. ट्रिगर जड आहे आणि तुमच्या बोटाला त्याची सवय नाही.

दुसरा संशय काडतुसावर. परवान्यावर मोजकी मिळतात म्हणून लोक ती जपून ठेवतात, आणि अर्णाळ्यापासून भुईगावपर्यंतच्या खाऱ्या हवेत ती कपाटात चार-चार पावसाळे काढतात. दारू दमट झाली की गोळीचा वेग एकसारखा राहत नाही. जवळच्या अंतरावर मंद गोळी वर लागते, हे अनेकांना पटत नाही. ती नळीत जास्त वेळ रेंगाळते, तोवर धक्क्याने नळीचं तोंड उचललेलं असतं. त्यामुळे गोळ्या आडव्या रेषेत नीट आणि उभ्या रेषेत पसरलेल्या दिसल्या, तर आधी ताज्या पाकिटातल्या गोळ्या झाडून बघा. आणि चामड्याच्या म्यानात ठेवून हत्यार कपाटात टाकू नका. चामडं ओल धरतं आणि गंज आतून चढतो.

इथवर सगळं ठीक निघालं, तरच यंत्राकडे वळायचं. पिस्तुलाला चेंबर एक, रिव्हॉल्व्हरला सहा, आणि प्रत्येक चेंबर नळीसमोर नेमका येऊन थांबला पाहिजे. रेंजवर टेकू घेऊन प्रत्येक चेंबरमधून पाच-पाच गोळ्या वेगवेगळ्या टार्गेटवर झाडा, टार्गेटवर चेंबरचा क्रमांक लिहा. पाच टार्गेटं एकसारखी आणि सहावं भलतंच दिसलं, तर चोर सापडला. सहाही टार्गेटं विस्कटलेली असतील तर नळीत साचलेलं शिसं, झिजलेली बिजागरी, सैल झालेला खटका हे सगळं बघावं लागतं. रिकाम्या हत्याराचा हॅमर सावकाश ओढा. तो पूर्ण मागे पोचेपर्यंत सिलिंडर जागेवर अडकलेला असायला हवा. शेजारच्या लेनमधल्या माणसाला शिशाचे कण टोचत असतील, किंवा कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडत असेल, तर झाडणं तिथेच थांबवा. गोळी नळीच्या कडेला खरवडतेय किंवा हवेत कोलांट्या घेतेय. हे सगळं टिपून परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे न्या. ‘नेम लागत नाही’ एवढंच सांगितलंत तर तो तरी काय करणार?

यंत्र दगा देतं, अगदी वरच्या पातळीवरही. जुलै २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा कॉकिंग लीव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. पण तिथे दोष कुठे आहे हे तत्काळ ओळखणारी माणसं सोबत होती, आणि बोटाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, कारण ते बोट रोज तपासलं जात होतं.

आपल्याकडे ते कधीच तपासलं जात नाही, माझी तक्रार ही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण आणलं, ते चांगलंच झालं. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. म्हणजे ज्या माणसाने पाच वर्षांत एकही गोळी झाडलेली नाही, तो नूतनीकरणाचा अर्ज करतो तेव्हा त्याच्या गोळ्या कुठे लागतात हे कुणालाच माहीत नसतं, त्यालाही नाही. आणि हे हत्यार झाडायची वेळ आलीच तर ती येणार नालासोपाऱ्यासारख्या दाट वस्तीत, जिथे चुकलेल्या गोळीसमोर भिंत नसते, माणसं असतात. माझी मागणी साधी आहे. नूतनीकरणाच्या अर्जासोबत मान्यताप्राप्त रेंजवर वर्षभरात झाडलेलं एक टार्गेट, प्रशिक्षकाच्या सहीनिशी जोडायला लावा. आयुक्तालयाला हे नियमात बसवता येत नसेल, तर गृह विभागाने बसवावं. तोवर परवानाधारकांनी स्वतःहून सुरुवात करावी. वर्षातून एक रविवार वरळीसाठी राखून ठेवा, आणि टार्गेटवर तारीख, काडतुसाच्या बनावटीचा क्रमांक आणि चेंबर लिहून ते जपून ठेवा.