चोराच्या उलट्या बोंबा

सरकारी अन्यायाला कारणांची वाण सहसा पडत नाही. परंतु अमेरिकेच्या सरकारने १९५० साली जे कारण पुढे केले, त्याला दाद द्यावीशी वाटते. समलिंगी माणूस सरकारी नोकरीत नको. का, तर त्याच्या आयुष्यात एक गुपित असते, ते फोडण्याचा धाक शत्रूचा हेर त्याला घालील, आणि तो बापडा राष्ट्राची रहस्ये देऊन मोकळा होईल. ऐकायला किती सरळ वाटते! पण हे गुपित त्याने गुपित ठेवले कशासाठी? उघड झाले तर नोकरी जाईल म्हणून. आणि नोकरी घालवणार कोण? तेच सरकार. आपणच घराला आग लावायची आणि धूर फार होतो म्हणून भाडेकरूला बाहेर काढायचे, असला हा न्याय.

फेब्रुवारी १९५० मध्ये परराष्ट्र खात्याच्या एका बड्या अधिकाऱ्याने सेनेटच्या समितीपुढे सांगितले की, अशी ९१ माणसे खात्यातून गेली आहेत. मग सेनेटर होई यांची चौकशी समिती बसली. डिसेंबरात तिचा अहवाल आला. धाकाला बळी पडून देश विकणाऱ्याचे ठळक उदाहरण म्हणून समितीने उभा कोणाला केला असेल? ऑस्ट्रियाचा कर्नल रेडल! हा गृहस्थ १९१३ सालीच मेला होता, तोही दुसऱ्या खंडात, दुसऱ्याच साम्राज्यात. तरीही अहवाल प्रमाण ठरला. २७ एप्रिल १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला; त्यात ‘लैंगिक विकृती’ला सुरक्षेच्या धोक्यांत जागा मिळाली, आणि हजारोंच्या पोटावर पाय आला.

धाक घालणारे मात्र वॉशिंग्टनमध्ये खरोखरच होते. वायोमिंगचे सेनेटर लेस्टर हंट यांच्या मुलाला १९५३ साली अशाच आरोपावरून पकडले होते. विरोधी पक्षाच्या सेनेटरांकडून निरोप आला, पुन्हा निवडणुकीला उभे राहाल तर हे प्रकरण मतदारांपर्यंत नेऊ. १९ जून १९५४ रोजी हंट यांनी सेनेटमधल्या आपल्या कचेरीत स्वतःवर गोळी झाडून घेतली. परक्या हेराची येथे गरजच पडली नाही.

आणि गुपित नसलेच तर? फ्रँक केमनी हे हार्वर्डचे डॉक्टरेट झालेले खगोलशास्त्रज्ञ, सैन्याच्या नकाशा विभागात नोकरीस. १९५७ च्या अखेरीस त्यांना काढले. ऑक्टोबरातच रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला होता, आणि इकडे हे ताऱ्यांचा जाणकार घरी पाठवीत होते! केमनी लपले नाहीत. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९६१ साली अर्ज फेटाळला गेला. १९६५ साली सोबत्यांसह व्हाइट हाउसपुढे फलक घेऊन उभे राहिले. ज्याने आपले गुपित स्वतःच चव्हाट्यावर मांडले, त्याला हेर कसला धाक घालणार? तरी नोकरी मिळाली नाही ती नाहीच. म्हणजे धाकाचे कारण नुसते तोंडदेखले. मूळ कारण किळस. पण किळस सरकारी कागदावर लिहिता येत नाही.

ही नोकरबंदी नागरी सेवेतून उठायला १९७५ साल उजाडले. केमनींची लेखी माफी सरकारने २००९ साली मागितली. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

‘हे सारे तिकडचे, आपल्याला काय त्याचे,’ असे म्हणणारा वाचक मला दिसतो आहे. त्याने डॉ. रामचंद्र सिरस हे नाव आठवावे. आपलेच नागपूरकडचे कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने निलंबित कोणाला केले? प्राध्यापकाला! दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का २००९ सालीच पुसला होता. पण अनैतिक वर्तन नावाचे कलम कोणत्याही कचेरीच्या खणात तयारच असते. निवृत्तीला काही महिने उरलेल्या माणसाला राहते घर सोडावे लागले.

१ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत सिरस मृतावस्थेत सापडले.