सांडपाण्याच्या वाटेवरची सहल

पालघर-बोईसर परिसरातील शाळांच्या सहलींसाठी दरवर्षी किल्ले, देवस्थाने आणि जलक्रीडेची उद्याने यांची नावे उत्साहाने सुचविली जातात. परंतु ज्या सागरावर सातपाटीच्या मच्छीमार कुटुंबांची उपजीविका पिढ्यानपिढ्या अवलंबून आहे, त्या सागरात तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी कोणत्या प्रक्रियेनंतर आणि कोणत्या वाटेने जाते, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, हा विचार शाळांच्या वार्षिक नियोजनात अद्याप रुजावा तसा रुजलेला नाही.

या वसाहतीतील रासायनिक, औषधी आणि वस्त्रोद्योगाच्या कारखान्यांचे पाणी बोईसरच्या सामूहिक प्रक्रिया केंद्रात येते व तेथून नळावाटे नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 सालच्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरचा आकडा 93.69, म्हणजे देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक ठरला; त्याआधीच मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. वडीलधाऱ्यांनी मांडलेल्या त्या फिर्यादीचा सारा कस प्रयोगशाळेच्या आकड्यांवर लागतो, आणि ते आकडे वाचता येणारी माणसे किनाऱ्यावरच निर्माण व्हावीत, हे या सहलीचे खरे प्रयोजन आहे.

प्रक्रिया केंद्रात विद्यार्थ्याने पाहावे, की निरनिराळ्या कारखान्यांचे पाणी आधी एकत्र मिसळून त्याची आम्लता शमवावी लागते. मग हवा खेळविलेल्या टाकीत सूक्ष्म जीव त्यातील सेंद्रिय द्रव्य खातात, आणि शेवटी गाळ तळाशी बसून वरचे पाणी पुढे जाते. हे जीव प्रत्येक रसायन पचवू शकत नाहीत, म्हणून कारखान्याने आपल्या आवारातच प्राथमिक प्रक्रिया करणे अनिवार्य आहे, हा धडा तेथे जितका स्पष्ट उमगतो तितका पुस्तकात उमगत नाही. पाण्याची जैविक प्राणवायू-मागणी मोजण्यासाठी नमुना 27 अंश तापमानात तीन दिवस ठेवावा लागतो. सत्य हाती येण्यास धीर लागतो, हेही तेथेच कळते.

सहल एवढ्यावरच थांबू नये. मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत अथवा सातपाटीच्या बंदरावरच, राज्यमासा म्हणून 2023 साली गौरविलेल्या पापलेटाची लांबी मोजून, प्रजननापूर्वीच पकडलेल्या पिलांमुळे होणारी हानीही मुलांना दाखवावी. कारण समुद्राच्या ऱ्हासाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा, तर त्यात कारखान्यांबरोबर आपल्या जाळ्यांचाही रकाना असलाच पाहिजे.

अशा स्थळी धोका असतो, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांचे लहान गट, शिरस्त्राण, ठरलेला मार्ग आणि बंद टाक्यांपासून अंतर यांची सक्त तरतूद असावी. पाहुण्यांसाठी झाडलोट केलेल्या एका दिवसाने मात्र काहीच साधणार नाही. दैनंदिन नोंदवही खुली असावी, आणि मुलांनी घेतलेला नमुना त्यांच्याच देखत तपासला जावा.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच पर्यावरणशिक्षण अनिवार्य करण्याचा निर्देश दिला आहे. जिल्ह्याच्या शिक्षण खात्याने, औद्योगिक विकास महामंडळाने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एकत्र बसून या भेटींचे दिवस मुकर्रर करावेत. आणि पालकांनी येत्या शालेय वर्षाच्या पहिल्याच सभेत, आपल्या मुलांची एक सहल या वाटेने न्यावी, अशी लेखी मागणी शाळेकडे करावी.