सायलेंट हिल ३ : भुतं परवडली, पण शेक्सपिअर आवरा!

मॉलमध्ये चिटपाखरू नाही, बाहेर राक्षस फिरतायत, हातात पिस्तूल आहे. आणि गेम विचारतोय, शेक्सपिअर वाचलाय का?

२००३ साली कोनामीनं प्लेस्टेशन २ वर 'सायलेंट हिल ३' आणला. १७ वर्षांची हेदर मॉलमध्ये अडकते, तिथून गोष्ट सुरू होते. खेळायच्या आधी दोन सेटिंग वेगवेगळी निवडायची: मारामारी किती अवघड हवी आणि कोडी किती अवघड हवीत. आयडिया भारीच. पण ज्यांनी कोड्यांना 'हार्ड' केलं, ते पहिल्याच पुस्तकाच्या दुकानात अडकले.

दुकानाच्या दाराला चार आकडी कोड. जमिनीवर शेक्सपिअरच्या नाटकांचे क्रमांक टाकलेले पाच खंड. आणि सोबत एक कविता, जिच्यात एकाही नाटकाचं नाव नाही. वेडाचं सोंग घेणारा माणूस म्हणजे हॅम्लेट, मेल्याचं नाटक करता करता खरंच मरणारी म्हणजे ज्युलिएट, खोट्या स्तुतीपेक्षा प्रेमानं गप्प राहणं बरं म्हणजे किंग लिअर. ('नटसम्राट' पाहिलेल्यांना शेवटचं कदाचित सुचेल.) असं ओळखत गेलं की आकडे येतात ४१५२३.

संपलं? छे. शेवटच्या कडव्यात सूड घेणाऱ्यानं दोघांसाठी रक्त सांडलंय, म्हणून हॅम्लेटच्या ४ ची दुप्पट, ८. दोन तरुण जीवांनी तिघांसाठी आसवं गाळलीत, म्हणून रोमिओ-ज्युलिएटच्या १ ची तिप्पट, ३. तीन चेटकिणी गायब, म्हणजे मॅकबेथचा ३ कटाप. उरलं ८३५२.

कविता म्हणून हे झकास आहे, यात वाद नाही. घोळ असा, की कोड्याची किल्ली गेमच्या बाहेर ठेवलीये. दुकानाचा कोपरा न् कोपरा धुंडाळला तरी हॅम्लेटनं काय केलं ते कळत नाही. मग माणूस गेम थांबवतो, गाईड उघडतो. आणि हॉरर गेममध्ये खेळणारा स्क्रीनवरून उठला की तासाभरात साठलेली भीतीही उठते. परत आल्यावर तो राक्षसाला घाबरत नाही, वैतागलेला असतो.

आधीच्याच भागात, २००१ च्या 'सायलेंट हिल २' मध्ये, नाण्यांचं कोडं होतं. तीन नाणी, पाच खाचा, एक कविता. तेही डोकं खातं, पण लागणारं सगळं त्या नाण्यांवर आणि कवितेतच असतं. चुकलात तर चूक तुमची.

'हार्ड तुम्हीच निवडलं होतं' हा चाहत्यांचा बचाव अर्धाच खरा आहे. हार्ड म्हटल्यावर जास्त विचार करावा लागेल असं वाटतं, इंग्रजी साहित्याचा पेपर येईल असं नाही.

ब्लूबर टीमनं २०२४ मध्ये 'सायलेंट हिल २' नव्यानं बनवला, त्यातही कोड्यांचं सेटिंग वेगळंच ठेवलंय. आणि तिसऱ्या भागातल्या त्या दाराचा हार्ड कोड दरवेळी तोच असतो. त्यामुळे हॅम्लेटचं पानही न उलटता ८३५२ पाठ असलेले गेमर भरपूर आहेत.