लांब केसांचा फण्डा

डॅशहुंड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो तुळतुळीत अंगाचा, आखूड पायांचा सॉसेज. त्यामुळे माझ्या चिकूला घेऊन सोसायटीत खाली उतरलं की प्रश्न ठरलेला, 'कॉकर आहे का हो?' नाही काका, डॅशच आहे. फक्त केसाळ मॉडेल!

डॅशहुंड तीन प्रकारच्या केसांत येतो. आखूड गुळगुळीत, तारेसारखे राठ आणि लांब रेशमी. गडी मूळचा जर्मनीचा. बिळात शिरून बॅजर नावाच्या प्राण्याला हुसकायचं, हे याचं खानदानी काम. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकचा मॅस्कॉट 'वाल्डी' लांब केसांच्या डॅशवरूनच बेतला होता. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा म्हणे वाल्डीच्याच आकाराचा आखला होता. आहे की नाही कूल?

आता थोडं सायन्स. कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांवर ठरतात, हे २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. त्यातलं एक केसांची लांबी ठरवतं. लांब केसांचा वारसा आई आणि बाबा, दोघांकडून आला तरच पिल्लू केसाळ. म्हणून दोन गुळगुळीत डॅशना अचानक एखादं केसाळ पिल्लू होऊ शकतं. आणि कानांची झालर, शेपटीचा पिसारा हे सगळं हळूहळू येतं. दीड-दोन वर्षंही लागतात. तेव्हा दोन महिन्यांच्या पिल्लाकडून शाम्पूच्या जाहिरातीची अपेक्षा नको.

पण मंडळी, खरा मुद्दा पुढे आहे. हे केस जेवढे छान दिसतात, तेवढंच लपवतातही. गोचीड लपवतात, ओलसर लाल चट्टे लपवतात आणि सगळ्यात डेंजर म्हणजे वजन लपवतात. डॅशची पाठ लांब आणि मणक्याच्या चकत्या मुळातच नाजूक. चकती सरकली तर मागचे पाय लुळे पडू शकतात. वरून एक-दोन किलो एक्स्ट्रा म्हणजे टेन्शनच. गुळगुळीत डॅश सुटला की चटकन कळतं. केसाळ मात्र 'किती गुबगुबीत, किती क्यूट' म्हणवून घेत जाड होत राहतो. म्हणून डोळ्यांवर भरवसा नको, हात फिरवा. हलक्या दाबानं बरगड्या लागल्या पाहिजेत. नाही लागल्या, तर चपातीचे तुकडे आजपासून बंद!

म्हणूनच माझ्या लेखी फणी म्हणजे घरच्या घरी हेल्थ चेक-अप. आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं. ऑफिसातून आल्यावर टीव्हीसमोर बसूनही जमतं. आधी ब्रश, मग स्टीलची फणी. गुंता होतो तो ठरावीक जागी: कानांमागे, काखेत, मागच्या मांड्यांच्या आत. गेल्या पावसाळ्यात चिकूच्या कानामागे फणी अशीच अडली. केस बाजूला केले, तर टम्म फुगलेला गोचीड! वरून काहीसुद्धा दिसत नव्हतं. गोचिडांमुळे येणारा ताप कुत्र्याच्या प्लेटलेट्स खाली आणतो, जिवावर बेततो. आमच्या डॉक्टरांनी नंतर रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आला. त्या रात्री मला झोप लागली.

गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल, काडेपेटी असले प्रयोग नकोत. गुंता कात्रीनं कापायलाही जाऊ नका, कातडी आत ओढली गेलेली असते, कापलीच जाते. बोटांनी सोडवा, नाहीतर ग्रूमरकडे जा.

आंघोळ चार-सहा आठवड्यांतून एकदा पुरते. शाम्पू कुत्र्यांचाच, आपला नाही. आधी गुंता सोडवायचा, मग पाणी. कारण ओला गुंता आणखी घट्ट बसतो. आंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडं करायचं, पावसाळ्यात तर नक्कीच. पंजांच्या गाद्यांमधले केस मात्र नियमित कापा. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरला की झटका थेट पाठीला.

आणि उन्हाळा आला की 'मशीन मारून टाका' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामाघूम होत नाही, तो धापा टाकून गार होतो. केस त्याचं उन्हापासून रक्षण करतात आणि भादरल्यावर पूर्वीसारखे येतीलच अशी गॅरंटी नाही. त्यापेक्षा दुपारचं फिरणं टाळा, पंखा लावा, पाणी भरून ठेवा.

तेव्हा केसाळ डॅश घ्यायचा विचार असेल, तर किंमत विचारण्याआधी स्वतःला विचारा: आठवड्यातली तीस मिनिटं आहेत का? असतील, तर बिनधास्त घ्या. नसतील, तर गुळगुळीत डॅशही तेवढाच गोड असतो. हात मात्र त्याच्याही पाठीवरून फिरवायचा बरं का!