बदलून बघू? आधी मोजून बघा!

परवा शनिवारी बाबा म्हणाले, "विकून टाक ती येझदी. वय झालं तिचं." दोन वर्षांत तीन बॅटऱ्या खाल्लेल्या गाडीबद्दल दुसरं काय म्हणणार? मला मात्र संताप आला. गाडीचा नाही, 'बदलून बघू' या दोन शब्दांचा.

मंडळी, जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी हे शब्द हजारदा ऐकले असतील. चार्जिंग होत नाही? बॅटरी बदलून बघू. तरी नाही? रेग्युलेटर बदलून बघू. तरीही नाही? अख्खं वायरिंग काढू, नाहीतर सरळ १२ व्होल्टचं किट टाकू. ही दुरुस्ती नाही, हा मटका आहे. आणि पैसे आपले!

माझीच कथा घ्या. येझदीचा कारभार साधा. इंजिनाच्या उजव्या झाकणाखाली ६ व्होल्टचा डायनॅमो, त्याचे कार्बन ब्रश, एक रेग्युलेटर, बॅटरी आणि मोजक्या वायरी. किल्ली फिरवली की लाल दिवा लागतो, इंजिनाने वेग घेतला की विझतो. माझा व्यवस्थित विझत होता. त्यावरून तीन मेकॅनिकांचं एकमत झालं: डायनॅमो ओके, म्हणजे बॅटरीच खराब.

अर्धं बरोबर आहे. दिवा विझला म्हणजे डायनॅमो वीज बनवतोय. पण ती बॅटरीपर्यंत पोचतेय, असं कुठे सांगतो तो? मेल 'सेंट' दिसला म्हणजे समोरच्याला मिळाला, असं आपण हापिसात तरी मानतो का?

रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन बंद असताना बॅटरी ६.१ व्होल्ट. नीट भरलेली असती तर ६.३-६.४ हवी. इंजिन चालू करून रेस दिली, काटा... आपलं, आकडा ६.४ ला अडकला. तिथे ७ च्या वर जायला हवा. मग मीटरचं एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकावर धरलं. इथे शून्याच्या आसपास हवं. आलं पाऊण व्होल्ट!

चोर सापडला. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं चासीला पावडर कोटिंग करून घेतलं होतं, आणि अर्थचा स्क्रू त्या चकचकीत रंगावरच आवळला होता. रंगातून वीज जात नाही हे नववीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेवढी जागा पॉलिश पेपरनं घासली, स्क्रू आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. ७.२ व्होल्ट. खर्च शून्य.

बॅटऱ्या मेल्या होत्या हे खरंच. लेड-ॲसिड बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती जाते. पण ते मरण होतं, मरणाचं कारण नव्हे.

"एवढा वेळ कुणाला आहे? किट टाक आणि मोकळा हो," असं एक मित्र म्हणाला. किटला माझा विरोध नाही. डायनॅमो आयडलिंगला जवळपास चार्ज करतच नाही. सिग्नलला हेडलाइट लावून उभे राहिलात की बॅटरी उतरत जाते, हे किट टाकण्याचं रास्त कारण आहे. पण त्याच रंगवलेल्या चासीवर किट टाकलं असतं तर त्याची वीजही त्याच रंगापाशी अडली असती. शिवाय म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद झाला. 'बदलून बघू' म्हणत चालता मूळ रेग्युलेटर भंगारात दिला की गेला.

आणि मेकॅनिकला तरी काय नावं ठेवायची? पार्टचे पैसे आपण मुकाट देतो. त्याने तासभर घालून नुसता दोष शोधला तर "बघायचेच एवढे?" म्हणून घासाघीस करतो. मग तो बदलणारच! शोधण्याची मजुरी द्यायची नसेल तर बदलण्याची किंमत मोजा. आपणही वेगळे नाही म्हणा, सर्व्हर बसला की लॉग न बघता रिस्टार्ट मारणारे आपणच.

तेव्हा गाडीला क्रोम आणि स्टिकर लावण्याआधी काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. तीन आकडे मोजा: बंद इंजिनावर, रेस दिल्यावर, आणि अर्थचा. त्यानंतर जे बदलायचं ते खुशाल बदला.

असो. संध्याकाळी बाबांना मागे बसवून चक्कर मारली. विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.